वस्तादाची परीक्षा

पहाटेचे साडेचार वाजले आहेत. बडोद्याच्या जुन्या वस्तीतील एका माडीवर दिवा लागलेला आहे. टेबलावर एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ उघडा पडला असून बावीस वर्षांचा एक तरुण उजवा हात डाव्या खांद्यावरून पाठीमागे टाकून, डोळे मिटून, काहीतरी पुटपुटत आहे. खाली ओसरीवर त्याचे आजोबा बैठका मारीत आहेत. त्यांचे वय अडुसष्ट. त्यांच्या श्वासाचा ठेका जिन्यातून वर ऐकू येतो. दोघेही एकाच विद्येचे उपासक. परंतु खाली जी विद्या घाम होऊन निथळते आहे, तीच वर लॅटिन नावे धारण करून पुस्तकात बसली आहे, आणि ती नावे पाठ झाल्यावाचून नातवाची सुटका नाही.

असे तरुण आज बडोद्यात आहेत, तसेच इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव आणि हैदराबाद येथेही आहेत. ह्या तरुणाचे नाव कोणतेही समजावे. त्याला पर्सनल ट्रेनर व्हावयाचे आहे. म्हणजे एका वेळी एकाच माणसास व्यायाम शिकविणारा शिक्षक. जुन्या भाषेत त्याला वस्ताद म्हणावे, तर वस्तादाभोवती कोवळ्या पठ्ठ्यांचा मेळा असे. ह्याच्यापुढे उभा राहणारा शिष्य एकटाच, बहुधा गुरूपेक्षा वयाने दुप्पट, पोट सुटलेला, गुडघे कुरकुरणारा आणि तासाचे पैसे मोजून देणारा.

वैद्यकीला किंवा वकिलीला लागतो तसा परवाना ह्या व्यवसायास भारतात लागत नाही. दंड भरदार असले आणि बोलणे आर्जवी असले की कोणीही उद्यापासून शिकवू लागावे, अशीच पुष्कळ ठिकाणी स्थिती आहे. म्हणूनच प्रमाणपत्रांना महत्त्व आले. अमेरिकेत १९५४ साली स्थापन झालेल्या अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिन ह्या संस्थेने १९७५ पासून व्यायामशिक्षकांना प्रमाणपत्रे देण्यास आरंभ केला. पुढे अशा आणखी संस्था निघाल्या. त्यांपैकी अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज ह्या संस्थेच्या परीक्षेत तीन तासांत १५० पर्यायी प्रश्न सोडवावयाचे असतात. त्यांतील २५ प्रश्नांना गुणच नसतात. ते पुढील परीक्षांसाठी पारखून पाहिले जात असतात. मात्र ते कोणते, हे उमेदवारास कळू दिले जात नाही. त्यामुळे एखाद्या बिनगुणी प्रश्नावर चार मिनिटे डोके फोडण्याची पाळी कोणावरही येऊ शकते. भारतातही कौशल्यविकासाच्या राष्ट्रीय चौकटीत फिटनेस ट्रेनरचा अभ्यासक्रम आहे. पण मोठ्या शहरांतील व्यायामशाळांतून परदेशी प्रमाणपत्राचा मान अद्याप मोठा आहे, आणि त्याचे शुल्कही त्या मानास शोभेल असेच आहे.

खालून आजोबा विचारतात, "अरे, हौद्यात उतरला की पाच मिनिटांत कळते, कोण काय शिकलाय ते. त्याला कागद कशाला हवा?"

"आजोबा, हौद्यात उतरतो तो धडधाकट असतो. माझ्याकडे येतील ते डॉक्टरांनी पाठविलेले असतील," असे नातू उत्तर देतो.

ह्या उत्तरात जुन्या आणि नव्या शिक्षणातील सारा फरक आलेला आहे. व्यायाम शिकविणाऱ्यालाही शिकविले पाहिजे, ही कल्पना काही विलायतेहून आलेली नाही. निदान बडोद्याने तरी तसे समजू नये. ह्याच शहरात जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा प्रो. माणिकरावांनी चालविली आणि सांघिक व्यायामाला शिस्त लावून दिली. येथूनच १९३६ ते १९४९ ह्या काळात आबासाहेब मुजुमदारांनी संपादिलेल्या मराठी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड बाहेर पडले. अमरावतीस १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने गावोगावचे व्यायामशिक्षक तयार केले. सत्तावन्नच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या शताब्दीनिमित्त १९५७ च्या ऑगस्टमध्ये राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने ग्वाल्हेरीस जे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले, त्याला १९९५ साली विद्यापीठाचा दर्जा मिळाला. परंतु ह्या बहुतेक संस्थांच्या डोळ्यांपुढे होती ती रांगेत उभी राहणारी निरोगी मुले. एकट्या, आजारी, मध्यमवयीन माणसाचे काय करावे, हा प्रश्न त्या वेळी तालमीच्या दारात फारसा येत नसे. आता तोच पहिला प्रश्न होऊन बसला आहे.

तर हा तरुण डोळे मिटून काय पुटपुटत होता? खांद्यातील चार स्नायूंची नावे: सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरीस मायनर, सबस्कॅप्युलॅरिस. प्रौढ शरीरात हाडे २०६ आणि स्नायू सहाशेंहून अधिक. ही जंत्री घोकून पाठ करू गेल्यास माणूस वेडा होईल. पहिला महिना त्याने तसाच घालविला; परिच्छेदांखाली पिवळ्या रंगाच्या रेघा ओढल्या, तीच पाने चार-चार वेळा वाचली आणि आठवड्याने पाहिले तो मन कोरे. ह्यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी असा प्रयोग केला की, काही विद्यार्थ्यांना उतारा पुनःपुन्हा वाचावयास लावले आणि काहींना तो मिटवून आठवावयास लावले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवणारे पुढे गेले. पुन्हा वाचताना ओळखीची वाटणारी गोष्ट येते आहे, असा भास होतो. ओळख आणि ज्ञान ह्यांतील अंतर परीक्षेच्या दिवशी उघडे पडते.

मग त्याने पुस्तक मिटावयास आरंभ केला. स्वतःचे शरीर हेच त्याने पुस्तक केले. कोपर टेबलावर टेकवून तळहात उताणा-पालथा करावा. म्हणजे अंगठ्याकडचे हाड दुसऱ्या हाडावरून फिरताना बोटांना जाणवते. त्यांपैकी फिरते ते रेडियस आणि जागेवर राहते ते अल्ना, हे एकदा बोटांनी शिकले की विसरणे शक्य नाही. खांद्याचा सांधा त्याला असाच कळला. दंडाच्या हाडाचे डोके मोठे आणि त्याची खोबण उथळ. बशीवर लिंबू ठेवावे तशी ही रचना आहे. ते लिंबू घसरू नये म्हणून ह्या चार स्नायूंनी त्यास चोहोकडून आवळून धरलेले असते. आणि हे कळताच त्याच्या ध्यानात आले की, लहानपणी आजोबांनी हलके मुद्गल हातांत देऊन महिनेच्या महिने ते डोक्यामागून फिरविण्यास लावले, तेव्हा ह्याच चौघांची मशागत चालली होती. आजोबांना त्यांची नावे ठाऊक नव्हती. खांदा निखळलेला पठ्ठ्या मात्र त्यांनी पाहिला होता.

स्नायू आखडतो म्हणजे काय होते, ह्या प्रश्नाचे उत्तरही फार जुने नाही. १९५४ च्या मे महिन्यात 'नेचर' ह्या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधलेख शेजारी-शेजारी आले. दोहोंतही हक्सली नावाचा एकेक शास्त्रज्ञ होता आणि त्या दोघांचे परस्परांशी नाते नव्हते. स्नायूतील तंतू स्वतः आखूड होत नाहीत. दोन फण्यांचे दात एकमेकांत सरकावे तसे ते एकमेकांवरून सरकतात, असे त्या लेखांचे म्हणणे होते. ते पुढे मान्य झाले. परीक्षेत ह्यावर एखादाच प्रश्न येत असेल. पण ज्याने एकदा ती फणी मनात पाहिली, त्यास वजन उचलताना आणि सावकाश खाली आणताना स्नायूची जी दोन वेगळी कामे असतात, ती समजावून सांगावी लागत नाहीत.

हृदयाच्या ठोक्यांचे गणित मात्र फसवे आहे. वय २२० मधून वजा करावे, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा मिळते, हे सूत्र आज व्यायामशाळांच्या भिंतींवर टांगलेले असते. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखावरून ते रूढ झाले. पण ते सरासरीचे सूत्र आहे; एकेका माणसाच्या बाबतीत ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकते. फिनलंडच्या कार्व्होनेन ह्यांची १९५७ ची रीत अधिक शहाणी. बावन्न वर्षांच्या गृहस्थाची कमाल १६८ धरली आणि विश्रांतीची नाडी ७२ असली, तर मधले अंतर ९६; त्याचे निम्मे ४८, त्यात ७२ मिळविले की १२० होतात. मध्यम व्यायामासाठी एवढी नाडी चालेल. गणित सोपे आहे. परंतु तो गृहस्थ रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर जातीची गोळी घेत असेल, तर त्याचे हृदय त्या गोळीच्या लगामात असते. कितीही धावला तरी त्याची नाडी १२० वर जाणार नाही, आणि ती वर जावी म्हणून शिकविणारा त्याला अधिकाधिक पळवीत राहील. अशा वेळी नाडी सोडून त्या माणसालाच विचारावे लागते की, किती श्रम वाटतात? स्वीडनच्या गुन्नार बोर्ग ह्यांनी त्यासाठी ६ पासून २० पर्यंतची मोजपट्टी करून दिली. निरोगी तरुणाने सांगितलेल्या आकड्यास दहाने गुणले की नाडीचा अंदाज यावा, म्हणून ती सहापासून सुरू होते. एवढा खटाटोप कशासाठी, असे प्रथम वाचणाऱ्यास वाटते. पण सरतेशेवटी माणसाच्या जबानीवर विश्वास ठेवावा लागतो, हे त्या पट्टीने मान्य केले आहे.

अमेरिकन ग्रंथ वाचताना आणखी एक अडचण येते. वजन आणि उंची ह्यांच्या प्रमाणाचा जो आकडा काढतात, तो २५ च्या वर गेला की वजन अधिक आणि ३० च्या वर गेला की स्थूलपणा, असे ग्रंथात असते. भारतीय देहाला हे माप सैल पडते. आपल्याकडे मधुमेह आणि हृदयविकार कमी वजनातच गाठतात, म्हणून भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली ह्या मर्यादा २३ आणि २५ अशा खाली आणल्या. कमरेचेही तसेच. पुस्तकात पुरुषासाठी १०२ सेंटिमीटर असतात, येथे ९०. तेव्हा आपल्या उमेदवाराला परीक्षेत एक उत्तर द्यावयाचे आणि बडोद्याच्या माणसापुढे दुसरे लक्षात ठेवावयाचे आहे. त्याने वहीत दोन रकाने आखले आहेत. ही दुहेरी जमाखर्चाची विद्या त्याला कोणत्याही ग्रंथाने शिकविलेली नाही.

ग्रंथ बदलतात, हेही त्यास कळून चुकले आहे. बैठक मारताना गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नये, असे एके काळी पाठ्यपुस्तके निक्षून सांगत. गुडघ्यास असे अडवून धरले की तो भार कटी आणि कंबर ह्यांवर जाऊन पडतो, असे पुढील अभ्यासात दिसले, आणि ती आज्ञा मऊ झाली. आजोबांच्या बैठकीत गुडघे कायमच पुढे जात आले आहेत. हे वाचून आजोबांना कोण आनंद झाला!

पण श्वासाच्या प्रकरणी त्यांना हार खावी लागली. श्वास कोंडून जोर लावणे ही तालमीतली जुनी सवय. १९८५ साली कॅनडातील संशोधकांनी पाच अनुभवी शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी बसवून, वजन रेटीत असताना त्यांचा रक्तदाब मोजला. पायांनी वजन ढकलताना एकाचा दाब ४८०/३५० वर गेला. तरुण आणि कसलेल्या धमन्या हे क्षणभर सोसतात. साठीच्या माणसाच्या धमन्यांवर तसा भरवसा ठेवता येत नाही. जोर लावताना श्वास सोडावा, हे वाक्य परीक्षेच्या पुस्तकात म्हणूनच पुनःपुन्हा येते.

बेशुद्ध पडून हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबण्याचे प्रमाणपत्र हे परीक्षेस बसण्यापूर्वीच मिळवावे लागते. ते शिक्षण एका दिवसाचे, रबरी पुतळ्यावर. छाती किमान ५ सेंटिमीटर दाबली गेली पाहिजे, मिनिटास १०० ते १२० वेळा, आणि तीस दाबांनंतर दोन श्वास. दर दोन मिनिटांनी दाबणारा माणूस बदलावा, असा नियम आहे. हे ऐकून वर्गातले बलदंड तरुण हसले. त्यांच्यापैकी एकाने, दोनशे जोर मारणाऱ्याने, आपण दहा मिनिटे दाबू म्हणून पैज घेतली. तिसऱ्या मिनिटास पुतळ्यातील दिवा त्याचे दाब उथळ होत आहेत, असे दाखवू लागला. त्याला स्वतःला मात्र ते कळत नव्हते. त्यानंतर त्या वर्गात कोणी हसले नाही.

इतके असूनही ह्या मुलाला सर्वांत अवघड गेले ते हाडांचे प्रकरण नव्हे आणि हृदयाचेही नव्हे. माणसाशी बोलावे कसे, ह्या प्रकरणाने त्याला जेरीस आणले. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी ह्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली धूम्रपान सोडणाऱ्यांचा अभ्यास करून असे दाखविले की, सवय बदलणारा माणूस एका उडीत बदलत नाही. तो पायऱ्या चढतो. काहींच्या मनात विचारच आलेला नसतो, काहींच्या मनात तो घोळत असतो, काहींची तयारी चालू असते. मग कृती आणि मग ती टिकविणे. पहिल्या पायरीवरच्या माणसाला चौथ्या पायरीचा उपदेश केला तर तो दुसऱ्या दिवशी येत नाही. तालमीतला वस्ताद दरडावीत असे आणि पठ्ठ्या ऐकत असे, कारण पठ्ठ्याला कुस्ती मारावयाची असे. बँकेतून दमून आलेल्या गृहस्थाला काय मारावयाचे आहे? त्याला धाप न लागता जिना चढावयाचा असेल, किंवा मुलीच्या लग्नापर्यंत जगावयाचे असेल, आणि हे तो पहिल्या दिवशी बोलून दाखवीत नाही. त्याच्याकडून ते काढून घेण्यासाठी 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर येणारे प्रश्न विचारू नयेत, असे पुस्तक सांगते. हे वाक्य आपल्या उमेदवाराने पाठ केले होते. त्याचा अर्थ त्याला एका रविवारी संध्याकाळी कळला.

नव्या शिष्याला व्यायाम देण्यापूर्वी त्याच्याकडून एक प्रश्नावली भरून घ्यावयाची असते. मूळ कॅनडात तयार झालेल्या ह्या प्रश्नावलीत सात प्रश्न आहेत. सरावासाठी त्याने आजोबांनाच समोर बसविले. हृदयविकार आहे असे डॉक्टरांनी कधी सांगितले आहे का? नाही. व्यायाम करताना छातीत दुखते का? नाही. एरवी? नाही. चक्कर येऊन तोल जातो का? "मला? छे!" हाडांचे काही? नाही. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी औषध चालू आहे का?

"औषध नाही. एक गोळी घेतो सकाळी, रक्तदाबाची. ती काय औषध म्हणावयाची!"

नातवाने गोळ्यांची पट्टी मागून घेतली. वरचे नाव वाचले. अ‍ॅटेनोलॉल, ग्रंथातील बीटा-ब्लॉकरच्या यादीत असलेलेच. शंभर बैठकांनंतरही आपली नाडी नव्वदीच्या आत असते, ह्याचा आजोबा गल्लीभर जो डौल मिरवीत, त्याचे रहस्य त्या पट्टीत होते. परंतु हे त्याने बोलून दाखविले नाही. त्याने पेन खाली ठेवले आणि निराळ्या रीतीने विचारले, "आजोबा, बैठका झाल्या, की त्यानंतर कसे वाटते तुम्हांला? अगदी पहिल्यापासून सांगा."

आजोबा थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "बैठका चांगल्याच होतात. शेवटची मारून एकदम उठलो, की डोळ्यांपुढे अंधारी येते. खांबाला धरून दहा आकडे मोजतो, की जाते. दिवाळीपासून असे आहे. पण तू चक्कर येते का म्हणालास. ही काही चक्कर नव्हे."

चौथ्या प्रश्नापुढे 'नाही' अशी खूण झालेली होती. ती नातवाने खोडली.

ह्यानंतर काय करावयाचे, ह्यावर परीक्षेत हमखास प्रश्न असतो, आणि त्याच्या पर्यायांत 'गोळी काही दिवस बंद ठेवण्यास सांगावे', 'व्यायाम निम्मा करावा', 'पाणी व मीठ वाढवावे' अशी मोहक उत्तरे मांडलेली असतात. घरातल्या माणसाबाबत तर हा मोह अधिकच. व्यायामशिक्षकाने गोळीस हात लावावयाचा नसतो आणि निदानही करावयाचे नसते. जे ऐकले ते लिहून त्या माणसास डॉक्टरांकडे पाठवावयाचे असते. त्याने तेच केले. कागदावर सातही उत्तरे, दिवाळीपासूनची अंधारी आणि बैठकांनंतरची नाडी एवढे सुवाच्य अक्षरांत लिहिले, आणि सोमवारी सकाळी बैठका न मारता आजोबा नातवाबरोबर दवाखान्यात गेले. जाताना वाटेत ते म्हणाले, की हौद्यातल्या परीक्षेत असले प्रश्न नव्हते.

डॉक्टरांनी त्यांना प्रथम आडवे करून आणि नंतर उभे करून रक्तदाब मोजला, कागद दोनदा वाचला, गोळीची मात्रा बदलून दिली आणि पंधरा दिवसांनी पुन्हा येण्यास सांगितले. बैठका बंद करण्याचे कारण नाही. मात्र त्या कमी माराव्या, श्वास कोंडू नये आणि शेवटच्या बैठकीनंतर भिंतीला हात टेकून सावकाश उठावे, असेही ते म्हणाले. त्यांनी तो कागद आजोबांच्या फायलीत लावून घेतला. नातवाच्या परीक्षेला अजून एकोणीस दिवस होते, आणि पोषणाचे प्रकरण तसेच राहिले होते.